बाहेरचा बँड

हुबळी
८ जानेवारी २००६

प्रिय बाय,

तुझी चिठ्ठी मिळून सतरा दिवस झाले आणि मी उत्तर टाळत होतो, हे आधीच कबूल करतो. रोज लिहायला बसायचं ठरवायचो आणि रोज काहीतरी निघायचं. एक दिवस रिफिल संपली. एक दिवस बोअरला पाणी लागलं आणि शेतमालकानं आमच्या बोअरवेलच्या अख्ख्या गाडीला होळिगे जेवायला घातले, म्हणजे आपल्या पुरणपोळ्याच, पण वर दूध ओतून. एक दिवस नुसताच बसलो. खरं कारण असं की मला राग आला होता, आणि रागात लिहिलं की तू माझे ऱ्हस्व-दीर्घ काढत बसतेस आणि मुद्दा बाजूला राहतो. चौथीच्या बाई तुम्ही, सवय जाणार कुठे.

तुझ्या चिठ्ठीत मोजून सहा वाक्यं होती. ती इथे उतरवतो, म्हणजे आपण काय लिहून बसलो ते तुलाही कळेल. "बँडचं जवळजवळ ठरलंय. राखेच्या बुधवारनंतरचा सोमवार. बँड बाहेरचा आहे, परदेशातून येतो. डॉ. दिनानाथ बरे वाटले, हसत नाहीत. तुझी सही लागेल, तू यायलाच हवंस. पप्पांना आणि आईला कळू द्यायचं नाही."

बाय, लग्न ठरवलंस आणि सख्ख्या भावाला असं तारेसारखं कळवतेस? कोण हा दिनानाथ? आणि हसत नाही म्हणजे काय? एकतीस वर्षं थांबलीस ती न हसणारा माणूस शोधायला? तो हिंदू आहे त्याचं मला काही नाही. सही लागणार म्हणजे रजिस्टर करताय, हेही समजलं, मी काही अगदीच बारावी नापास नाही, म्हणजे आहे, पण कळतं. पण उपवासकाळात? राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत आपल्याकडे कुणी लग्न लावतं का? तेव्हा पप्पांचा बँडसुद्धा पेट्यांत बंद असतो. आणि तोच मुहुर्त धरून तू फर्डिनंड बँडमास्तरांच्या घरात बाहेरचा बँड आणणार? तोही परदेशातला? पोर्तुगीज वसईतून जाऊन अडीचशे वर्षं झाली, त्यांना आता वाजवायला परत बोलावतेस की काय?

बँडवरून आठवलं. इथे परवा एक वरात गेली. त्यात क्लॅरिनेटवाल्याला पुढचे दोन दात नव्हते आणि तरी काय सुरेल वाजवत होता, मी बाजारात जायचं सोडून त्याच्या मागे दोन गल्ल्या गेलो. मग गाडीचा ड्रायव्हर माझ्या नावानं बोंबलत बसला, कारण डिझेलचे कॅन माझ्याकडे होते. तर काय सांगत होतो. तू पण किती छान वाजवायचीस. का सोडलंस कोण जाणे.

सही मी करीन. साक्षीदार म्हणून पन्नास ठिकाणी करीन. पण पप्पांना सांग. आईला नाही सांगितलंस तर ती चार महिने रडेल आणि मग तुझ्या नवऱ्याला जेवायला वाढेल. पप्पा मात्र बाहेरचा बँड विसरणार नाहीत.

तुझा,
ॲन्सेल्म


पापडी
१७ जानेवारी २००६

ॲन्सू,

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं हे देवाचे उपकार. स्टाफरूममध्ये वाचलं. आधी हसले, मग डोळ्यांत पाणी आलं, मग तुझा इतका संताप आला की चौथी ब ला विनाकारण तीन वेळा तेराचा पाढा म्हणायला लावला.

माझं लग्न नाही. डॉ. दिनानाथ पोटाचे सर्जन आहेत, मुंबईचे, साठीचे, दोन नातवंडांचे आजोबा. मी आत गेल्यावर माझ्याकडे बघून हसले नाहीत, एवढंच मला लिहायचं होतं. तसं न करणारा डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटला.

बँड म्हणजे पोटाला बसवायचा बँड. रबरासारखं एक कडं. ऑपरेशन करून जठराच्या वरच्या भागाभोवती बसवतात, मग थोडंसं खाल्लं की पोट भरतं. कातडीखाली एक लहान बटण ठेवतात, त्यातून सुईनं पाणी सोडलं की कडं घट्ट होतं, काढलं की सैल. हे सगळं तुला आठ पानांवर लिहिलं होतं, गदगच्या लॉजच्या पत्त्यावर. ते पत्र मिळालं असणार असं धरून मागाहून ती चिठ्ठी ऑफिसच्या पत्त्यावर टाकली. तू गदग कधी सोडलंस? का सोडलंस? सांगायचं नाही का? आता ते पाकीट कुठे फिरतंय कोण जाणे. परत आलं तर आणखी पंचाईत, मागे सवयीनं घरचा पत्ता लिहून गेले.

फोन करता येत नाही हे तुला माहीत आहे. फोन हॉलमध्ये, आईच्या खुर्चीला लागून, आणि आई फोनवरचं अर्धं बोलणं ऐकून उरलेलं अर्धं स्वतः लिहिते. बूथवरून करावा तर तुझ्या गाडीचा मुक्काम कधी कुठे, ते ठाऊक नसतं.

माझं वजन एकशे एकवीस आहे. दवाखान्यातला काटा एकशे वीसला संपला, म्हणून तिथल्या बाई म्हणाल्या, दुसरीकडे करून या. मी गेले आपल्या फेबियनच्या केळ्यांच्या वखारीत. वाटलं, चुलतभाऊ आहे, गुपचूप आकडा सांगेल. त्यानं सवयीनं मोठ्यांदा पुकारला आणि गड्यानं तो पाटीवर लिहिलासुद्धा, दोन घडांच्या मध्ये.

साखर वाढली आहे. गुडघे गेले आहेत. डॉक्टर म्हणाले, कमी खाऊन बघा हे मी तुम्हाला सांगणार नाही, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा केलं असणार. नऊ वेळा केलंय, ॲन्सू. नऊ वेळा उतरलं आणि दहा वेळा चढलं.

सोमवार, ६ मार्च. तो काळ मी मुद्दाम निवडला. उपवासकाळात मी ताट बाजूला सारलं तर आई उलट कौतुक करेल. हॉस्पिटलात तीन दिवस जवळचं माणूस राहावं लागतं आणि फॉर्मवर त्याची सही लागते. मला तू हवा आहेस. कधी निघतोस ते कळव.

एलिना

ता. क. 'रजिस्टर' बरोबर लिहिलंस, 'मुहूर्त' चुकवलास.


कोप्पळ
२९ जानेवारी २००६

प्रिय बाय,

गाडी आता कोप्पळला आली. इथे नुसता दगड आहे. चारशे फूट गेलो तरी धूळच वर येते, आणि शेतमालक आमच्याकडे असा बघतो जसं काही पाणी आम्हीच लपवून ठेवलंय. जेवणाचे हाल आहेत. स्वयंपाक करणारा माणूस भातात चुन्याची डबी पाडून बसला आणि वर म्हणाला, हाडं मजबूत होतील.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. लग्नाचं मी काय काय लिहून बसलो, त्याबद्दल माफ कर, दिनानाथ डॉक्टरांना सांगू नकोस. पण मला एक सांग, पोट कापायचंच कशाला? तू तशीच छान आहेस. आपल्याकडे सगळेच अंगानं भरलेले, आपली मोठी आत्या दारातून आडवी यायची आणि ऐंशी वर्षं जगली. इथे लक्कुंडीजवळ एक म्हातारी कारल्याच्या वेलाचं काहीतरी देते, तिच्याकडे हुबळीचे वकीलसुद्धा येतात. मी पाहून आलो. म्हणजे म्हातारी भेटली नाही, ती गावाला गेली होती, पण तिचं देऊळ पाहिलं, फारच सुंदर आहे, बाराव्या शतकातलं म्हणे, एकेक खांब आरशासारखा. म्हातारीचं नव्हे, गावाचं देऊळ. पुढच्या रविवारी परत जाऊन बाटली आणतो.

नाहीतर चालत जा. सकाळी पापडीहून किल्ल्यापर्यंत, येताना रिक्षा. आणि आईला सांग की वाढताना हात आखडता घे.

कडं आत टाकायचं, मग ते सरकलं तर? सडलं तर? भूल जास्त झाली तर? बाय, तुला तो फॉर्म कुणी वाचून दाखवला का? असल्या फॉर्मवर वर मोठ्या अक्षरात नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात सगळं असतं, आणि कुणी वाचायला वेळ देत नाही. पेन हातात देतात आणि घड्याळाकडे बघतात. मग नंतर सगळं ज्यानं सही केली त्याच्यावर.

मला वाटतं मार्चमध्ये यायला जमणार नाही. गाडी रायचूरला जायचीय, माणसं कमी आहेत. आईलाच का नाही सांगत? नाहीतर पप्पांना. पप्पांची सही किती सुंदर आहे, नोटेशनच्या सुरुवातीच्या ट्रेबल क्लेफसारखी. तुला तो बँडचा मरून कोट आठवतो का, सोनेरी बटणांचा? तू घालून उभी राहिलीस की मी म्हणायचो, पोस्टाची पेटी आली. किती हसायचो आपण.

बाटली कशी पाठवू? पार्सलात फुटेल.

ॲन्सेल्म


पापडी
८ फेब्रुवारी २००६

ॲन्सेल्म,

तुझ्या पत्रात एक देऊळ आहे, एक म्हातारी आहे, चुन्याची डबी आहे आणि आपली आत्या आहे. मी विचारलेल्या एका गोष्टीचं उत्तर पाचव्या परिच्छेदात, तेही 'मला वाटतं' लावून. मी तुझं मत विचारलं नव्हतं. सही मागितली होती आणि तीन दिवस मागितले होते.

मतं माझ्याकडे भरपूर आहेत. रिक्षावाल्यांना मत आहे, ते मागच्या सीटवर मी एकटी बसले तरी तिघांचं भाडं सांगतात. हेडमास्तरांना मत आहे. फेबियनच्या गड्यालाही असेल.

पोस्टाच्या पेटीवर आपण हसायचो नाही. तू हसायचास. पहिल्या पत्रात हे लिहिलं होतं, ते हरवलं, म्हणून दुसऱ्यांदा लिहिते आणि तिसऱ्यांदा लिहिणार नाही. मी अकराव्या वर्षापासून पप्पांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते, एकटी मुलगी, चोवीस पुरुष. सोळाव्या वर्षी, लग्नांच्या हंगामात, कोट पुढून मिटेना. पप्पा म्हणाले, "हिलरी शिंपी सांगतो शिवणीत कापड उरलं नाही. तू आता घरी रिहर्सलला वाजव." नवा कोट शिवायचा त्यांना सुचलं नाही. मलाही मागायचं सुचलं नाही. मी क्लॅरिनेटची पेटी बंद केली. तू आत्ता विचारतोस, का सोडलंस कोण जाणे. आईनं त्या रात्री मला पोटभर मैद्याचे फुगे तळून घातले, मध घालून, आणि ते मी सगळे खाल्ले. तेव्हापासून आपल्या घरात माझ्याशी दोनच पद्धतीनं बोलतात. पप्पा गप्प बसतात आणि आई वाढते. त्यांच्या हातात मी तो कागद देऊ?

आणि हे कुणासाठी बारीक व्हायचं म्हणून नाही. ऑगस्टमध्ये माझ्या वर्गातली सुरुची मधल्या सुट्टीत पटांगणात फिट येऊन पडली. मी दुसऱ्या मजल्यावरून बघितलं. मुलं ओरडत होती, बाई, बाई. मी उतरायला लागले. कठडा धरून, एकेक पायरी. खाली पोचले तेव्हा शिपायानं तिला कुशीवर वळवलं होतं, तोंड पुसलं होतं आणि ती शुद्धीवर येत होती. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "बाई, तुम्ही कुठे होता?" मी जिन्यात होते, ॲन्सू. एवढंच कारण आहे. मला जिना उतरायचा आहे.

भीती मला वाटत नाही असं समजू नकोस. कडं सरकू शकतं. काढावं लागू शकतं. हावरेपणानं खाल्लं तर उलटी होईल, जन्मभर. हे डॉक्टरांनी मला दोन तास बसवून सांगितलं, फॉर्म घरी दिला, बारीक अक्षरं मी भिंगानं वाचली. दोन वेळा तारीख रद्द करायला एसटीडी बूथपर्यंत जाऊन परत आले. अजूनही सकाळी करायचं असतं आणि संध्याकाळी नको वाटतं. म्हणूनच मला तिथे असं माणूस हवं जे गप्पही बसणार नाही आणि वाढणारही नाही.

आता मी बाई म्हणून विचारते, सरळ उत्तर दे. लग्नाच्या सहीला तू एका दमात तयार होतास, पन्नास ठिकाणी करीन म्हणालास. हॉस्पिटलच्या सहीला तुझी गाडी रायचूरला जाते. पेन हातात देतात आणि घड्याळाकडे बघतात, हे तुला कसं माहीत? तू कुठे सही करून आलास?

एलिना


कोप्पळ
१६ फेब्रुवारी २००६

बाय,

रायचूरला गाडी जात नाहीये. ते खोटं होतं. म्हातारीची बाटलीही मी आणायला गेलो नाही.

आमच्या गाडीवर हरेश्वर होता. केळव्याकडचा, घरचं मिठागर होतं, मग गेलं. मला गाडीत तोच एक आपल्या बाजूचा. त्याच्याशी बोललं की घरी गेल्यासारखं वाटायचं, पानी, लोनी, असं बोलायचा, मी चिडवायचो. २ डिसेंबरला गदगजवळ पाइप उतरवताना साखळी तुटली आणि त्याचा उजवा हात पाइप आणि गाडीच्या मध्ये सापडला. पूर्ण नाही, कोपराच्या खाली. मी त्याला बेशुद्धच टेम्पोत घालून गदगला नेलं. मालक हुबळीला, फोन उचलेना. डॉक्टर म्हणाले, हात ठेवला तर माणूस जाईल, कोण आहे जवळचं? फॉर्म कानडीत. मी काय वाचणार. नातं असं एक घर होतं ते डॉक्टरांनी बोटानं दाखवलं. मी भाऊ असं लिहिलं. मराठीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो जागा झाला. आधी बराच वेळ चादरीकडे बघत होता. मग विचारलं, "सही कोनी केली?" नर्स म्हणाली, तुमच्या भावानं. तो म्हणाला, "मला भाऊच नाय."

मी दारात होतो. आत गेलो नाही. लॉजवर आलो, पिशवी भरली आणि हुबळीची बस धरली. त्यामुळे तुझं पहिलं पत्र मिळालं नाही. त्याला मालकानं नंतर गावी पोचवलं एवढं ऐकलं. बरोबर केलं का चूक केलं ते मला कुणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले बरोबर. पण डॉक्टरला त्या हातानं जेवायचं नव्हतं.

आता तूच सांग, मी तुझ्या कागदावर कसं लिहू. तू जागी झालीस आणि तुला काही झालेलं असलं आणि तू विचारलंस कुणी सही केली, तर मी कुठली बस धरू? मला ये म्हणू नकोस, बाय. दुसरं काहीही सांग.

पोस्टाच्या पेटीचं मला माहीत नव्हतं. मी नऊ वर्षांचा होतो. तरी माफ कर.

ॲन्सेल्म


पापडी
२३ फेब्रुवारी २००६

ॲन्सू,

हे कुरिअरनं पाठवते, नाहीतर तुझ्या हाती ईस्टरला पडेल.

तुझं पत्र वाचून आधी फार राग आला. तीन महिने हे पोटात घेऊन मला देवळांच्या गोष्टी सांगत होतास. मग राग गेला. मग पुन्हा आला, कारण तू त्याला न भेटता निघालास. हात कापला ही तुझी चूक नाही. दारातून परत फिरलास ती आहे. केळवं इथून लांब नाही. माझं झालं की आपण दोघं जाऊ. तो काय बोलेल ते बोलेल. मी बरोबर असेन, तुला बस धरू देणार नाही.

आता माझं. हरेश्वरला कुणी विचारू शकलं नव्हतं, म्हणून तू त्याच्या जागी उत्तर दिलंस. माझ्या जागी तुला काहीच ठरवायचं नाही. ते मी ठरवलंय. काल. सकाळीही होय आलं आणि संध्याकाळीही होय आलं, म्हणून तेच धरलं. तू फक्त माझं उत्तर तिथल्या माणसांच्या हातात द्यायचंस. तरी तुझा जीव घाबरा होणार हे माहीत असल्यानं एक कागद जोडते. खिशात ठेव. मी जागी होऊन काही विचारलंच तर मला दाखव.

"मी, एलिना फर्डिनंड तुस्कानो, पूर्ण शुद्धीत लिहून देते की पोटाला बँड बसवायचा निर्णय माझा एकटीचा आहे. ॲन्सेल्म सही करेल ती मी सांगितली म्हणून. नातं या घरात त्यानं भाऊ लिहावं. मला भाऊ आहे."

बाकी घरी ठीक. पप्पा आठवडाभर विचित्र वागतायत. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला गेले आणि गायनमंडळ चुकलं तरी काही बोलले नाहीत. माळ्यावर चढून काहीतरी शोधत होते, आई ओरडली तेव्हा म्हणाले, जुनी नोटेशनं. उद्या मिरजेला निघतायत, कॉर्नेटच्या दुरुस्तीला म्हणे. मिरजेत तंबोरे मिळतात, कॉर्नेट कोण दुरुस्त करतं? पण आपल्या घरात विचारायची पद्धत नाही. आईनं दोन दिवसांचा डबा बांधलाय, त्यात चार माणसं जेवतील.

२ तारखेला निघ. सरळ ये. वाटेत देऊळ दिसलं तर बसच्या खिडकीतून बघ.

एलिना


कोप्पळ
२८ फेब्रुवारी २००६

प्रिय बाय,

तुझा कागद मिळाला. वहीच्या पुठ्ठ्यात ठेवला होता, मग पुठ्ठा ओला होईल म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग पिशवी सापडेना म्हणून अर्धा तास सगळी खोली उलथी केली, तर खिशातच होता. २ तारखेच्या बसचं तिकीट काढलं आहे. ड्रायव्हर म्हणाला, परत येणार ना? मी म्हटलं, आधी दोन ठिकाणी जायचंय.

हे पत्र माझ्या आधी पोचणार नाही. तरी लिहितोय, कारण तुझ्यासमोर बसलो की मी तिसरंच काहीतरी बोलत बसेन. मला एवढंच सांगायचं होतं की सही मी करतो. अक्षर वाईट आलं तर त्यावर नंतर बोलू नकोस.

थांब. खालून लॉजवाला हाक मारतोय, कुणीतरी म्हातारे गृहस्थ आलेत, माझं नाव घेतायत, हातात डबा आहे.

बाय, पप्पा आलेत.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेत आणि मी त्यांच्यादेखत हे लिहितोय, कारण ते म्हणाले, आधी तिचं पत्र पूर्ण कर. आधी गदगला गेले, मग हुबळीच्या ऑफिसात, मग इथे. ज्या माणसानं चाळीस वर्षांत दहिसरच्या पलीकडे वाजवायची सुपारी घेतली नाही तो तीन एसट्या बदलून आलाय. पँटला सगळी लाल धूळ. खिशात तुझं पाकीट आहे, आठ पानांचं, फोडलेलं. पोस्टमननं त्यांच्याच हातात दिलं. आईला दाखवलेलं नाही.

मला वाटलं ओरडतील. पाणी प्यायले, पाकीट मांडीवर ठेवलं आणि मला विचारलं, तो बँड खरंच सैल-घट्ट करता येतो का. मी हो म्हटलं. तू लिहिलंस तसं सुईचं सांगितलं. मग त्यांनी डब्याखालची पिशवी उघडली. आत तुझा मरून कोट आहे. एका बाजूची शिवण पूर्ण उसवलेली.

"चार बोटं कापड आहे आत," पप्पा म्हणाले. "हिलरीला मी विचारलंच नव्हतं."

आणखी एक सांगतायत, ते तसंच लिहायला सांगितलंय. सही तू भावाकडे मागितलीस, ती भावानंच करायची. पप्पा हॉस्पिटलात बाहेरच्या बाकावर बसतील. आत बोलावलंस तर येतील, नाही बोलावलंस तर तिथेच बसतील, तीनही दिवस.

ॲन्सेल्म